लागलं की हात वर

मच्छिंद्रच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तेरा वर्षं हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं आहे, की त्याचा अजून त्रास होतो की नुसती सवय झाली आहे, हे मला सांगता येत नाही. पत्र आंतर्देशीय आहे. घड्यांवरचा निळा रंग उडून तिथं पांढरट रेघा पडल्या आहेत. कबड्डीच्या नियमांच्या एका पातळ पुस्तकात मी ते ठेवलं आहे आणि ते पुस्तक कपाटात जाड पुस्तकांच्या मागच्या रांगेत, भिंतीला टेकवून. म्हणजे कुणाला दिसणार नाही. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच, आणि कमलला सगळं माहीत आहे. तरी मागच्या रांगेत. चाळीस वर्षं पुस्तकांत राहिलेल्या माणसाला लपवायचं कुठं हे बरोबर कळतं. उघड कसं करायचं, ते मात्र मी कुठं वाचलेलं नाही.

मंगळवारी उस्मानाबादच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना माझा पाय शेवटच्या पायरीवरून सटकला. चष्मा नाकावरून घसरला, खालची जमीन एकदम जवळ आली, आणि तेवढ्यात कुणीतरी खालून माझा हात धरला. दंड नाही, मनगट नाही. तळव्यात तळवा, बोटांत बोटं. मी पडलो नाही. चष्मा सावरून समोर बघितलं आणि वाटलं, पडलो असतो तर बरं झालं असतं.

"सर! हळू की. पाय मोडला असता या वयात."

उत्तरेश्वर होता. अंगानं भरलेला, कपाळावरचे केस मागं गेलेले, शर्टाला दुधाचा आंबूस वास. सहकारी दूध संघाच्या गाडीवर असतो म्हणाला, कॅन चढवतो-उतरवतो. "वळखलं का न्हाय?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी त्याचं नाव घेतलं, आणि तो इतका खूश झाला की मला त्याच्याकडे बघवेना. हात त्यानं अजून सोडला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून, किंवा दुसरं काही सुचलंच नाही म्हणून, मी विचारलं, "मच्छिंद्र भेटतो का?"

"न्हाय, सर. कुर्डुवाडीलाच असतोय. रेल्वेत मुकादम झालाय म्हणं." त्यानं गाडीकडे एकदा बघितलं. "मागल्या साली त्याचा बाप गेला, तवा मयताला गेलतो मी. लांबच हुभा राहिलो. त्यानं बघितलं मला. पर बोलला न्हाय."

"तू बोलायचंस."

"मी काय बोलणार?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरतो आहे. "तुमी म्हणला होता ना, कुणाला बोलू नको, मी सांगतो. म्या कुणालाच बोललो न्हाय, सर. घरात बी न्हाय. तुमी सांगाल तवा सांगाल."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर मी तो घेऊन घरी गेलो असतो आणि चार दिवसांत विसरलो असतो. टोमणा नव्हता. चावी सांभाळायला दिलेल्या माणसानं 'अजून माझ्याकडंच आहे बरं का' म्हणावं, तसं तो म्हणाला. गाडीवाल्यानं हॉर्न दिला, त्यानं माझा हात सोडला, आणि पळत जाऊन तो कॅनांच्या मागं चढला.

तेव्हापासून उजव्या हाताचा तळवा मला माझा वाटत नाही. धुतला, पुसला, खिशात घातला. गेले तीन दिवस मी खोलीत बसून आहे. ही खोली मी निवृत्तीनंतर मुद्दाम निवडली. हिच्या एकुलत्या एका खिडकीसमोर शेजारच्यांची बिनगिलाव्याची भिंत आहे. वाचायला उजेड पुरतो, येणारं-जाणारं कुणी दिसत नाही. घरमालक म्हणाला होता, गुरुजी, वारं येत नाही हां इथं. मी म्हणालो, चालेल. आता वाटतं, त्र्याहत्तर सालानंतर मी जे जे निवडलं, ते असंच निवडलं. येडशीहून बदली मागून घेतली. बार्शी-कुर्डुवाडीवरून जायची वेळ आली की लांबचा वळसा घालून गेलो. माणूस कोंडला जातो तेव्हा दार बाहेरून कुणीतरी लावतं, अशी माझी समजूत होती.

मी कधी कबड्डी खेळलो नाही, हे आधी सांगायला हवं. येडशीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि ग्रंथालयाचं कपाट सांभाळायचो. बहात्तरचा पाऊस गेला, विहिरींचे तळ दिसले, आणि सगळं गाव रामलिंगच्या डोंगराखाली पाझर तलावाच्या कामावर गेलं. खडी फोडायची, माती उपसायची, संध्याकाळी लाल मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी. त्या कामावरच्या विशी-बाविशीच्या सात-आठ जणांनी संघ काढला. दुष्काळात खेळ कसला, असं म्हातारे म्हणायचे. पण कामावरून आल्यावर हातांना दुसरं काही नसायचं, आणि मोकळ्या हातांनी भांडणं व्हायची. नियम वाचून दाखवायला आणि स्पर्धांचे फॉर्म भरायला कुणीतरी शिकलेलं हवं होतं. मला बोलावलं. पहिल्या दिवशी मी मैदानाच्या कडेला पुस्तक उघडून उभा राहिलो तेव्हा बलभीम म्हणाला, "सर, ह्ये चढाई करायचं पुस्तक हाय का, का बसायचं?" सगळे हसले. मीही हसलो. मला वाटतं, त्या हसण्यामुळंच त्यांनी मला ठेवून घेतलं.

मच्छिंद्र डावा कोपरा सांभाळायचा, उत्तरेश्वर त्याच्या शेजारी. कबड्डीत चढाई करणारा आत आला की बचाव करणारे जोडीजोडीनं हात धरून सरकतात. कोपऱ्यातल्यानं पाय धरला की शेजारच्यानं त्याच क्षणी अंगावर जायचं असतं, नाहीतर कोपऱ्यातला एकटा फरफटतो. उत्तरेश्वर मच्छिंद्रचा हात धरत नव्हता. म्हणजे धरायचा, पण स्वतःच्या सदऱ्याची बाही ओढून, कापडावरून, मनगटाला. मच्छिंद्रचं घर बौद्धवाड्यात, उत्तरेश्वरचं पाटलांच्या आळीला. तलावाच्या कामावर दोघं मातीच्या रांगेत शेजारी उभे राहायचे, याच्या हातातलं घमेलं त्याच्या हातात जायचं. पण पाण्याचे रांजण दोन होते, आणि त्यावर कुणी काही बोलत नसे. मीही बोललो नाही. मी फक्त म्हणालो, "बाही निसटते रे, उत्तरेश्वर." तो म्हणाला, "न्हाय निसटत, सर." आणि ती प्रत्येक वेळी निसटायची.

मला वाटायचं, यांना एकमेकांबद्दल काहीतरी सांगावं. एक भाषणही मी लिहून काढलं होतं. केलं नाही, ते बरंच झालं. त्याऐवजी वैतागून एक नियम केला. सरावात अर्धा वेळ भांडणात जायचा, लागलं, नाही लागलं. चढाई करणारा शपथा घ्यायचा, बचाव करणारे आया काढायचे. मी म्हणालो, "आजपासून पंच नाही. ज्याच्या अंगाला लागलं त्यानं स्वतः हात वर करायचा. लागलं की हात वर. बास." बलभीम म्हणाला, "मग समदे मुडदे होऊन बसतील, हात वर कोण करंल?" पहिले आठ दिवस तसंच झालं. हात एकटा मच्छिंद्र वर करायचा. गप्प, खाली बघत, काहीही न बोलता बाहेर जाऊन बसायचा. त्याला मूर्ख म्हणायचे.

मग चैत्रात येरमाळ्याची यात्रा आली. देवळाखालच्या पटांगणात सामने होते. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणानं पुढं, समोरचा गडी चढाई करून मध्यरेषेपलीकडं परत गेला, पंचानं शिट्टी वाजवली, गुण कुणालाच नाही. आमची पोरं नाचायला लागली आणि मच्छिंद्रनं हात वर केला. "मला लागलं होतं. पाठीला." पंचाला कळेना काय करावं. समोरच्या संघालाही कळलं नव्हतं, की त्यांच्या गड्याचा हात लागला होता. गुण त्यांना गेला, बरोबरी झाली आणि पुढच्या चढाईत आम्ही एका गुणानं हरलो. परतीच्या वाटेवर बलभीम मला म्हणाला, "सर, तुमचं पुस्तक चुलीत घाला. मिलो तरी शिजंल." मच्छिंद्र सगळ्यांच्या मागं चालत होता. मी त्याच्याजवळ जायला हवं होतं. मी सगळ्यांच्या पुढं चालत होतो.

पण पुढच्या आठवड्यात असं झालं, की सरावात चढाईवरून परतताना बलभीम मच्छिंद्रकडे बोट करून ओरडला, "लागलं, बाद!" मच्छिंद्र म्हणाला, "न्हाय लागलं." मी नेहमीच्या भांडणाची वाट बघत होतो. बलभीम कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. मग जमिनीवर थुंकून म्हणाला, "ह्यो न्हाय म्हणतोय मंजी न्हाय लागलं. चला." एवढंच. त्या दिवसानंतर भांडण झालं नाही. एकेकाचा हात वर व्हायला लागला, आधी लाजत, मग सहज. आणि एका संध्याकाळी मी बघितलं, उत्तरेश्वरनं बाही कोपरापर्यंत सारली, जमिनीवरची माती दोन्ही तळव्यांना चोळली, आणि मच्छिंद्रकडे न बघताच हात पुढं केला. मच्छिंद्रनं तो धरला. तळव्यात तळवा. दोघांचे हात घमेल्यांनी सारखेच सोललेले होते. मी पुस्तकात मान घातली, कारण माझे डोळे भरून आले होते, आणि बलभीमनं ते बघितलं असतं तर वर्षभर पुरवलं असतं.

परंड्याची स्पर्धा मे महिन्यात होती. किल्ल्याजवळच्या मैदानावर सकाळी उपांत्य सामना आम्ही जिंकलो. चार वाजता अंतिम. मधल्या वेळात जेवण. एका सोसायटीचे चेअरमन व्यंकटराव यांनी बाहेरगावच्या संघांची व्यवस्था आपल्या घरी केली होती. दुष्काळात कुणी सात जणांना गव्हाची पोळी घालतंय, म्हणून आमची पोरं सकाळपासून त्याच गोष्टी बोलत होती. अकराच्या सुमाराला व्यंकटरावांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता; अगदी संकोचून बोलला. "गुरुजी, तुमचा तो कोपऱ्यातला. खेळतो झकास. पण काय आहे, घरात म्हातारी आहे, सोवळं-ओवळं... त्याचं ताट शाळेवर पाठवून देतो. तुम्ही समजदार आहात."

मी समजदार होतो. मी म्हणू शकलो असतो, आम्ही सगळेच शाळेवर जेवतो. हे वाक्य मला सुचलं. पण दुपारी दोन वाजता, हात धुताना. त्या वेळी मी म्हणालो, "बघतो मी." आणि मच्छिंद्रकडे जाऊन त्याच्या गुडघ्याकडे बघत म्हणालो, "सकाळी लचकलाय ना तो? गावातनं एवढं उन्हात चालू नकोस. ताट इथंच मागवलंय. मीही थांबतो तुझ्याबरोबर."

गुडघा थोडा लचकला होता खरा. या थोड्याशा खरेपणाचा मी तेरा वर्षं आधार घेतला आहे. शाळेच्या लिंबाखाली आम्ही दोघं जेवलो. त्यानं पोळी चतकोर करून सावकाश खाल्ली. एकदा म्हणाला, "सर, माझ्यामुळं तुमाला गरम खायला मिळालं न्हाय." मी म्हणालो, "त्यात काय!" आणि मला आतून बरं वाटलं. हे मला कुणाला कधी सांगता आलं नाही: मला बरं वाटलं होतं. त्याच्या शेजारी जेवून मी काहीतरी भरून काढतो आहे असं वाटलं होतं. लिंबोळ्या पडत होत्या, त्यातली एक त्याच्या ताटात पडली, त्यानं ती बोटानं उडवली आणि हसला.

तेवढ्यात फाटकातून उत्तरेश्वर आला. एकटा, भराभर. मी उठून पुढं गेलो, कारण त्याचं तोंड बघूनच मला कळलं. तो हळूच म्हणाला, "सर, तिथं म्हणत्यात, त्येला मुद्दाम न्हाय बोलावलं. म्या ताटावरनं उठलो." तो उपाशी आला होता. बाही ओढून मनगट धरणारा उत्तरेश्वर भरल्या ताटावरून उठला, आणि ग्रंथालयवाला मी पोट भरून बसलो होतो. मी त्याच्या दंडाला धरून त्याला भिंतीआड नेलं. "आत्ता बोलू नकोस. चार वाजता सामना आहे. त्याचं लक्ष उडेल. सामना झाला की मी सांगतो त्याला. मी सांगतो, तू कुणाला बोलायचं नाही." तो म्हणाला, "सर, पर—" मी म्हणालो, "माझा शब्द आहे."

अंतिम सामन्यात काय झालं ते बघणाऱ्यांना साधी चूक वाटली असेल. उत्तरेश्वर मच्छिंद्रकडे बघत नव्हता. हात धरत होता. पण तो हात कसा होता ते मला बाहेरूनही दिसत होतं, सैल, ओला, चोरट्यासारखा. शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा उंच गडी आत आला, मच्छिंद्रनं झेप घेऊन त्याचा घोटा धरला, आणि उत्तरेश्वर क्षणभर जागचा हलला नाही. एक क्षणच. मच्छिंद्र एकटा मध्यरेषेपर्यंत फरफटत गेला, खांदा जमिनीवर आपटला, कपाळ फुटलं. आम्ही हरलो. त्यानं उठून कपाळ पुसलं आणि उत्तरेश्वरकडे नुसतं बघितलं. रागानं नाही. काय झालं तुला, असं.

सामना झाला होता. मी सांगणार होतो. आधी त्याच्या कपाळाला पट्टी बांधू दे, म्हटलं. मग बक्षीस समारंभ होऊ दे. मग गाडीत बसू दे. बार्शीच्या पुढं गाडीत बलभीम पोळ्यांचं वर्णन करत होता, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "ह्यो उत्तऱ्या तर अर्ध्यातनं उठला. मच्छ्याला बोलावलं न्हाय म्हणून फुगला." मग त्याची जीभ अडकली. मच्छिंद्रनं पट्टी बांधलेलं डोकं वळवलं. "मला बोलावलं नव्हतं?" त्यानं उत्तरेश्वरला विचारलं, "तुला म्हाईत होतं? सामन्याच्या आधी?"

उत्तरेश्वरनं माझ्याकडे बघितलं. मी दोन बाकं पुढं होतो, खिडकीशी. त्याची नजर माझ्या मानेवर पडलेली मला कळली, जसा पाठीला लागलेला हात कळतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. उघडी रानं, एक वाळलेली बाभळ, पुन्हा रानं. मागून उत्तरेश्वर म्हणाला, "व्हय. म्हाईत होतं." "मग?" "मग काय न्हाय." मच्छिंद्र उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. येडशी येईपर्यंत गाडीत नुसता पत्र्याचा खडखडाट होता. संघ त्या दिवशी मोडला. नंतर पाऊस पडला, तलावाचं काम बंद झालं, जो तो आपापल्या वाटेला लागला. लोक म्हणायचे, पावसानं संघ मोडला. मीही मान हलवायचो.

आषाढात पत्र आलं, कुर्डुवाडीहून. तो रेल्वेत गँगमन म्हणून लागला होता. शाळेत असताना त्याचं अक्षर मीच वळवलेलं. 'उत्तरेश्वरला माहीत होतं, हे त्याने कबूल केले. त्याच्याशी मी बोलणे सोडले आहे. ज्याला माहीत असून हात सैल सोडला, त्याचा हात परत धरवत नाही. पण सर, तुम्ही माझ्याशेजारी जेवलात. तुम्हाला माहीत होते का, एवढेच कळवा. लोक काही म्हणतात, मी ऐकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही मानीन. लागलं की हात वर, हे तुम्हीच शिकवले आहे.'

त्यानं आरोप केला असता तर मी चार पानी उत्तर लिहिलं असतं. गुडघा, सामना, व्यंकटरावांची म्हातारी, सगळं. पण तो आधीच विश्वास ठेवून बसला होता. माझ्या एका 'नाही'नं तो समाधानानं झोपला असता. ते 'नाही' मला लिहवलं नाही, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता. आणि 'होतं' लिहवलं नाही. या दोन शब्दांच्या मधली जी जागा आहे, तिथं मी तेरा वर्षं राहिलो, आणि मला कधी वाटलंच नाही की तिथं मी एकटा नाही. उत्तरेश्वरही माझ्याबरोबर आत होता. मी त्याला आत कोंडून कडी लावली होती, आणि तो मी उघडीन म्हणून शांतपणे वाट बघत होता, दुधाचे कॅन चढवत, मित्राच्या बापाच्या मयताला लांब उभा राहत.

आज दुपारी कमलनं चहा आणून ठेवला. टेबलावर नियमांचं पुस्तक, पत्र, आणि फाडलेले सहा कागद. ती उभीच राहिली.

"आता कितवा?"

"सातवा."

"काय लिहिता एवढं? त्या पोरानं एक गोष्ट इचारली होती ना?"

"संदर्भ द्यावा लागतो, कमल. नुसतं कसं लिहिणार? त्याला वाटेल—"

"त्याला काय वाटंल ते त्याचं त्यो बघंल. तुमी त्याचं वाटणं बी तुमच्याजवळच ठिवलंय का?" ती फाडलेले कागद गोळा करायला लागली. "चहा घ्या. गार झाला की पुन्हा करायची न्हाय मी."

मी चहा प्यायलो. मग पोस्टकार्ड घेतलं. आंतर्देशीय पत्र चिकटवता येतं. कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, बायको वाचते, मुलं वाचतात. लिहिलं:

'प्रिय मच्छिंद्र, मला माहीत होतं. अकरा वाजल्यापासून माहीत होतं. गुडघ्याचं मी निमित्त केलं. उत्तरेश्वर ताटावरून उठून तुला सांगायला आला होता. मी त्याला सांगू दिलं नाही आणि मी सांगतो असा शब्द दिला. तो शब्द त्यानं आजवर पाळला आहे, मी पाळला नाही. त्याचा हात सैल पडला तो माझ्यामुळे. तू मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. त्याला दे. तो उस्मानाबादला दूध संघाच्या गाडीवर असतो.'

खाली सही करताना 'तुझा' लिहावं की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. पत्ता लिहिला आणि तो बदललेला असेल, कार्ड परत येईल, असं मनात आलं. त्या विचारानं मला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची मला इतकी शरम वाटली की मी चपला घातल्या.

पोस्ट उघडं होतं, पण आत गेलो नाही. आत ओळखीचा कारकून आहे, बोलत बसला असता, आणि बोलता बोलता मी कार्ड परत खिशात घातलं असतं. बाहेरची पेटी भिंतीत जरा उंचावर बसवलेली आहे. पूर्वी माझा हात तिथं सहज पोचायचा. आता पाठ वाकली आहे. मागं एक बाई नातवाला घेऊन उभी होती, ती म्हणाली, "द्या बाबा, मी टाकते."

"नको," मी म्हणालो. "मलाच टाकायचंय."

टाचा उचलल्या, हात वर केला, आणि कार्ड सोडलं.